टेम्पोवरच्या तीन प्लेटा

२४ मार्च, मंगळवार

ही वही हर्षदाने आणून दिली. दोनशे पानी आहे, वरती मोर. म्हणाली, "आजी, डाव्या पानावर फक्त बॅटरीचे आकडे लिहायचे. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. उजवं पान तुझं. त्यावर काय वाटेल ते लिही, मी वाचणार नाही." बॅटरी अजून आली नाही, त्यामुळे आकडे नाहीत. पण कोरं पान दिसलं की राहवत नाही. मी तिसरी शिकलेली, तीही मास्तर आमच्या मळ्यातली वांगी घरी न्यायचे म्हणून पास झाले. चुकलं तर चुकलं.

हर्षदा माझी नात, माझा मुलगा वाल्मिक याची मुलगी. विजेचा डिप्लोमा केला आणि इथल्या पर्वत पाटिया भागात सोलरच्या दुकानात लागली. बाप्यांसारखी कमरेला पाने-पक्कड लावून लोकांच्या छपरावर चढते. गल्लीत पहिल्यांदा निघाली तेव्हा शेजारची इंदुबाई म्हणाली, "धुरपदाबाई, नात नवरदेव शोधायला वर चढते का?" मी म्हटलं, "वरून सगळ्यांची घरं दिसतात, तुझ्या घरात काय शिजतं तेही सांगेल." मला पोरीचं इतकं कौतुक आहे की कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.

पण वही त्यासाठी नाही. आमचे हे एकतीस वर्षं इथे ह्या शहरात कापडाच्या लूमवर होते. छातीत काय काय गेलं देवाला ठाऊक. बिडी पण होती, वहीत खोटं कशाला लिहू. आता दोन वर्षं झाली, ऑक्सिजनचं मशीन लागतं. रात्रभर, आणि दुपारी जेवण झाल्यावर तीन तास. नळी नाकात, नळी मशीनला, मशीनची वायर भिंतीला. म्हणजे माणूस भिंतीला बांधलेला. दोन वर्षांत एक रात्र ह्यांनी खोलीबाहेर काढलेली नाही.

आणि ह्यांना आखाजीला शेतावर जायचं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. ह्यांची आई गेली तेव्हा हे पाळीवर होते, निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला, गेले तेव्हा राख पण गार झाली होती. तेव्हापासून म्हणतात, एकदा तिच्या नावाची घागर तिच्या विहिरीच्या पाण्याने भरेन. गावातलं घर कधीच विकलं. राहिलंय ते दीड एकर शेत, गावापासून चार किलोमीटर, तिथे वीज पंपापुरती, तीही आली तर आली.

हर्षदा म्हणाली, "मग वीज आपण सोबत नेऊ."

तिच्या बापाचा जुना टेम्पो आहे, बाजारातून साड्यांची पार्सलं वाहायचा. त्यावर सोलर, आत बॅटरी, पलंग, पंखा. घरच टेम्पोत. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी पण वाजवल्या. हात गार पडले होते.

२९ मार्च, रविवार

आज प्लेटा बसल्या. तीन. टेम्पोच्या टपावर नुसत्या निळ्याशार, जणू तळं वर ठेवलंय. मागे शिडी पण लावली, पण मला ताकीद आहे, "आजी, शिडीवर पाय ठेवायचा नाही. गुडघे बघ तुझे."

संध्याकाळी मला सगळा हिशोब समजावला. मी म्हटलं, भाकरीच्या भाषेत सांग. ती म्हणाली, बरं. मशीन तीन तासांत एक युनिट खातं. आप्पांना दिवसाचे बारा तास, म्हणजे चार युनिट. पंखा, दिवा, फोन मिळून अर्धं. साडेचार झाले. बॅटरीच्या डब्यात मावतात पाच. पण डब्याचा तळ कधी खरवडायचा नाही, शंभरातले दहा उरले की बॅटरी आपोआप बंद होते. प्लेटा चांगल्या उन्हात दिवसाला पाच कमावतात.

मी म्हटलं, "चार पाव्हणे अन् साडेचार भाकरी झाल्या की ह्या."

"म्हणजे?"

"म्हणजे पाचवा पाव्हणा आला तर मी कुठून वाढू?"

ती हसली नाही. म्हणाली, "टपावर चौथी प्लेट मावत नाही आजी. आणि अडचण आलीच तर ऑक्सिजनचे दोन सिलेंडर आहेतच." मग आपल्याच कागदाकडे बघत बसली. मला तेव्हाच कळलं की पोरीलाही भीती आहे, फक्त ती आकड्यात भिते आणि मी पोटात.

अजून एक सांगितलं. प्लेटेला ऊन पाहिजे पण ताप नको. जास्त तापली की कमी कमावते. मी म्हटलं, माणसासारखंच की.

२ एप्रिल, गुरुवार

बॅटरी आली. दोघांनी उचलून आत ठेवली. एका डबीत आकडा दिसतो, शंभर म्हणजे भरलेली.

काल रात्री गल्लीची लाईट गेली. लाईट गेली की मला आधी ऐकू येतं, मग दिसतं. मशीनचा आवाज आहे, फस्स आणि टक, फस्स आणि टक. तो थांबला की मी झोपेतून उभीच राहते. काल इन्व्हर्टरवर परत सुरू झालं पण मधले दोन क्षण मी मेलेच. इथे ही गत. तिथे तर आजूबाजूला तुरीची धसकटं. दवाखाना कुठे, डॉक्टर कुठे.

ह्यांना विचारलं, "खरंच जायचं ना?"

म्हणाले, "तुमी इतकं करी ऱ्हायनात, आते नही कसं म्हनू."

मला वाटलं, आनंदाने बोलले.

५ एप्रिल, रविवार

परीक्षा सुरू. हर्षदाने नियम केला. गल्लीमागच्या मोकळ्या पटांगणात टेम्पो उभा करायचा, घराची वायर लावायची नाही, आम्ही दोघांनी तीन दिवस तीन रात्री आतच राहायचं. रोज संध्याकाळी सहाला आकडा शंभरच्या आसपास आला पाहिजे. तीन दिवस आला तर आखाजीला जाऊ. नाही आला तर नाही. वाल्मिक म्हणाला, "चालेल, टेन्शन मत ले." त्याला टेन्शन काय असतं तेच माहीत नाही, त्याची आई आहे ना ते घ्यायला.

घरापासून दोनशे पावलांवर आहोत. पण ह्यांना दोनशे पावलं म्हणजे डोंगर.

इंदुबाई आलीच बघायला. "काय दगाभाऊ, म्हातारपणी हनिमून?" हे नळी लावून हसले, खोकले. मी तिला सुपारी दिली आणि वाटेला लावली.

आज हर्षदा दिवसभर होती. संध्याकाळी सहाला १००. पोरीने माझे गाल ओढले. ह्यांना सांगितलं, आप्पा, शंभर. हे म्हणाले, "बरं." जेवताना अर्धी भाकरी ठेवली, म्हणाले भूक नाही.

रात्री टेम्पोचं मागचं दार उघडं ठेवलं. दोन वर्षांनी ह्यांना उघड्यावर झोप लागली. मला नाही लागली. फस्स, टक.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी ३८. म्हणजे रात्रीत बासष्ट गेले. हर्षदा म्हणाली बरोबर आहे, एवढेच जायला हवेत, आणि नऊला कामावर गेली.

आज ऊन म्हणजे आगीचा पाट. फोनवर एकेचाळीस दाखवत होतं. बाराला आकडा ७४. मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले (हे उजवं पान आहे म्हणून लिहिते) आणि प्लेटेच्या कडेला बोट लावलं. चटका बसला. भाकरी भाजेल इतकी. मला हर्षदाचं बोलणं आठवलं, तापली की कमी कमावते.

मग मला सुचलं. लूमच्या कारखान्यात उन्हाळ्यात धागा कोरडा पडून तुटायचा. तेव्हा जमिनीवर पाणी मारायचे आणि खिडक्यांना ओली पोती टांगायचे. ह्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा मी पण पोती भिजवलेली आहेत, शेठ म्हणायचा, दगाची बायको आली की कारखाना थंड. तर घरातून दोन तागाची पोती आणली, बादलीत बुडवली, पिळली, आणि शिडीवरून मागच्या प्लेटेवर नीट पसरली. एक मधल्या प्लेटेवर पण अर्धं गेलं. चांगली वाफ निघाली. माझंच मला बरं वाटलं. साडेतीनपर्यंत तीनदा भिजवली. चारला काढून टाकली, कारण हर्षदा आली आणि शिडी ओली दिसली तर मला खाऊन टाकेल.

हे खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, "प्लेटांना गार करते." काही बोलले नाहीत.

संध्याकाळी सहाला ७७. हर्षदाने डबीवर बोट आपटलं. परत बघितलं. मग वर चढली, वायरी हलवल्या, खाली उतरली. म्हणाली, "धूळ असेल." प्लेटा पुसल्या. त्या तर मी पुसलेल्याच होत्या.

खरं सांगायचं तर ७७ बघून मला आधी बरं वाटलं. वाटलं, आता नाही जावं लागणार. मग लाज वाटली. माणूस आईची घागर भरायला निघालाय आणि बायको आकडा पडावा म्हणते. उद्या सकाळपासूनच पोती घालीन, म्हणजे माझं पाप फिटेल.

ह्यांनी आज दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागितला.

७ एप्रिल, मंगळवार

आज घडलं ते सगळं लिहिते.

सकाळी १५. हर्षदाचा चेहरा पांढरा. म्हणाली, "ऊन कडक आहे, बारापर्यंत पन्नासच्या वर गेली पाहिजे. नाही गेली तर परीक्षा संपली, मला फोन कर, पप्पा येऊन तुम्हाला घरी नेतील. तीसच्या खाली असेल तर मशीन लावायचं नाही." तिला सुट्टी नव्हती. गेली.

मी साडेनऊला चार पोती घातली. दोन नाही, चार. पोती भिजवण्यात बारा कधी वाजले कळलं नाही. आकडा १९.

मी फोन शोधत होते तेवढ्यात हे म्हणाले, "धुरपदा, लाव वं माय ते." ओठ निळे दिसले. तीसच्या खाली लावायचं नाही हे मला माहीत होतं. पण ओठ निळे असले की नियम आठवत नाही. लावलं. म्हटलं थोडा वेळ लावू, तोवर प्लेटा कमावतील, आणि पोती परत भिजवून आले.

पावणेदोनला पंखा थांबला. मग मशीन किंचाळलं. एकच लांब आवाज, कुकरची शिटी अडकल्यासारखा. मग तोही थांबला.

सिलेंडर कोपऱ्यात होतं. हर्षदाने मला चारदा शिकवलं होतं. नळी काढ, इथे लाव, चावी डावीकडे फिरव, काचेच्या नळीतली गोळी दोनवर आण. चारदा शिकवलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकही अक्षर नव्हतं. चावी हातातून पडली, पलंगाखाली गेली. मी गुडघ्यावर बसले, चाचपडले. वर ह्यांचा श्वास फाटल्यासारखा येत होता. हे मात्र ओरडले नाहीत. हात पुढे करून बोटाने दाखवत होते, डावीकडे, डावीकडे. जन्मभर मशीनवरचा माणूस. चावी सापडली. फिरवली. गोळी वर आली. हवा सुटल्याचा आवाज आला तेव्हा मी तिथेच खाली बसून राहिले.

मग वाल्मिकला फोन केला. तो आला, बापाला उचलून घरी घेऊन गेला, लहान पोराला उचलतात तसं. हे त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते.

मी मागे थांबले, पोती काढली, पिळून तारेवर टाकली.

८ एप्रिल, बुधवार

हर्षदा जेवत नाही. म्हणते, "माझं गणित चुकलं आजी. मी आप्पांना मारलं असतं." तिची आई मनीषा म्हणाली, "तू काय मारतेस, झालं गेलं." पोरीने ताट सरकवलं. "मी नेणार नाही. उद्या प्लेटा उतरवते."

हे पलंगावरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे बेटा. घागर आठे बी भरता येस. पितरांसले काय, पानी पानीच शे." इतकं मऊ बोलले. बिचाऱ्यांची इतक्या वर्षांची हौस, आणि कशी सोडून दिली. रात्री छान जेवले.

मला भीती वाटायची ती गेली असं वाटलं होतं. नाही गेली. आता पोरीची वाटते. ही पोर उद्या कोणाच्या छपरावर चढताना स्वतःच्या हातावर विश्वास ठेवेल का?

१० एप्रिल, शुक्रवार

आज लिहू की नको असं झालं. पण उजवं पान आहे.

हर्षदाने सुट्टी घेतली, प्लेटा उतरवायला वर चढली. उतरवण्याआधी म्हणाली, एकदा शेवटचं मोजते. मी ताक घेऊन गेले. ती टपावर, मी शिडीजवळ. पेला वर द्यायला म्हणून मी दोन पायऱ्या चढले आणि वाकले.

ती म्हणाली, "आजी, बाजूला हो, तुझी सावली पडली. आकडा बघ कसा आपटला."

"एवढ्याशा सावलीने?"

"तिन्ही एका ओळीत जोडल्यात ना. एकीवर सावली पडली की तिचं काम थांबतं, आणि तिच्यामुळे बाकीच्याही अडतात. लूमवर एक धागा तुटला की अख्खं मशीन थांबतं की नाही, तसं."

मी पेला धरून तशीच उभी. ताक हातावर सांडलं तरी कळलं नाही.

"आजी?"

"हर्षू, पोतं टाकलं तर?"

"कशावर?"

"प्लेटेवर. गार राहावी म्हणून."

तिने हातातलं मोजायचं यंत्र खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "किती पोती, आजी?"

"सोमवारी दोन. मंगळवारी चार."

"ओली?"

"ओली."

ती टपावरच खाली बसली. डोकं गुडघ्यात घातलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडते. रडतच होती, पण मधूनच हसत पण होती. म्हणाली, "मी तीन रात्री झोपले नाही. दुकानातल्या प्रत्येक माणसाला विचारलं. कंपनीला फोन केला. आणि ओली पोती." मी म्हटलं, तूच सांगितलंस, तापली की कमी कमावते. ती म्हणाली, "तापली की दहातलं एक जातं आजी. झाकली की दहातले नऊ."

तिचं गणित बरोबर होतं. चुकलं माझं. ह्यांचे ओठ निळे झाले ते माझ्या हाताने. हे मी इथे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

११ एप्रिल, शनिवार

ह्यांना सांगायचं धाडस संध्याकाळी झालं. वाल्मिक, मनीषा बाजारात, हर्षदा पटांगणात. मी म्हटलं, "मी पोती टाकली होती त्यामुळे मशीन बंद पडलं."

हे म्हणाले, "माले मालूम व्हतं."

मी म्हटलं, "काय मालूम?"

"खिडकीतून तू ओली पोती वर लई जाताना दिसत व्हती. एवढं मोठं पोतं झाकलं तर काच काय कमावणार? एकतीस वरीस मशीनवर काढलं, इतकं नही कयनार का?"

मला आधी काही समजेच ना. मग समजलं. "माहीत होतं? आणि बोलला नाही? तुमचा जीव गेला असता तर?"

"म्हनीसन तर बोललू नही." मग ह्यांना धाप लागली, थोडं थांबले. "धुरपदा, तठे शेतवर जाईसन मी मेलू तर मरसू. माले त्यानं काही नही. पन पोरगी जलमभर म्हनी, मना हिशोब चुकना, मी आप्पाले मारं. बावीस वरीसनी पोर शे. आठेच परीक्षा फेल झाली तर तिच्यावर काही येत नही."

मंगळवारी मशीन किंचाळलं तेव्हा हे ओरडले का नाहीत, ते मला आत्ता कळलं; ते बंद पडणार हे ह्यांना ठाऊकच होतं.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी इतकी चिडले नव्हते. म्हटलं, "आणि आता? आता ती झोपत नाही, जेवत नाही, म्हणते माझं गणित चुकलं. दोष तर तिच्या डोक्यावर बसलाच. तुम्ही वाचवलं कोणाला?"

ह्यांनी नळी सारखी केली. फस्स, टक. मग म्हणाले, "माले भ्या बी वाटस तठे जायाचं."

"मला पण वाटतं. पहिल्या दिवसापासून."

"मंग टाळ्या काब्र वाजाडी?"

"सगळे वाजवत होते म्हणून."

दोघं हसलो. ह्यांना खोकला आला, पाठ चोळली. मग मी विचारलं, खरं सांगा, घागर भरायची आहे की नाही. हे छताकडे बघत म्हणाले, "शे. लई शे."

मी सांगितलं, "तर जाऊ. आकडे मी बघणार, सिलेंडर मी लावणार, थांबायचं की निघायचं ते मी सांगणार. काही झालं तर नाव धुरपदाचं, पोरीचं नाही. तुमचं म्हणणं काय?"

"मनं म्हननं कोन ईचारस," म्हणाले, पण चेहरा उजळला.

हर्षदाला हाक मारली आणि ह्यांच्याच तोंडून सगळं सांगायला लावलं. पोर ऐकत राहिली. उठून ह्यांच्या पायाशी बसली. मग मला म्हणाली, "आजी, सिलेंडर डोळे मिटून लावता आलं पाहिजे."

१५ एप्रिल, बुधवार

परीक्षा परत. सोमवारी संध्याकाळी १००, काल ९८, आज १००. पोती इंदुबाईला देऊन टाकली, तिच्या बकरीखाली घालायला.

सिलेंडर मी आता डोळ्याला पदर बांधून लावते. हर्षदा मोबाईलवर वेळ मोजते. काल एक मिनिट दहा सेकंद, आज एक्कावन्न. चावी पोलक्याला दोरीने बांधली आहे.

भीती तेवढीच आहे. कमी झाली असं लिहिलं तर खोटं होईल. पण आधी ती अंधारासारखी होती, कुठून कुठपर्यंत ते कळत नव्हतं. आता आकडा आहे. रात्रीला बासष्ट लागतात. दुपारला वीस. बाकी जो उरेल तेवढा धीर.

१७ एप्रिल, शुक्रवार

पहाटे निघालो. वाल्मिक गाडी चालवतो, हर्षदा त्याच्या शेजारी, आम्ही मागे. घाट लागला तेव्हा हे माझा हात धरून होते. घाटाची भीती होती की अजून कशाची, विचारलं नाही. चार वाजता शेतावर. झाडाखाली लावू म्हणाला वाल्मिक, सावली आहे. मी ओरडले, "सावलीत नाही, उन्हात लाव." तो बघतच राहिला.

१९ एप्रिल, रविवार, आखाजी

घागर भरली. विहीर अजून आहे, पाणी खोल. वाल्मिकने शेंदलं, पण भरली ह्यांनी, स्वतःच्या हाताने, खाली बसून. नळी सिलेंडरला लावून नेली होती. आईचं नाव घेतलं. तिचं नाव मी सेहेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदाच ऐकलं. पाणी हातावरून सांडत होतं आणि हे सांडू देत होते. मग म्हणाले, झालं. उचलून आणलं आम्ही.

थकवा फार आला. अकरापासून मशीन लावलंय, काढायला तयार नाहीत. बाराला आकडा ६६.

मग ढग आले. एप्रिलात. पश्चिमेकडून राखेच्या रंगाचे. एकला ५८.

हर्षदा दोन दिवस झोपली नाही. टेम्पोशेजारी चटईवर बसली होती, तिथेच लवंडली. झोपेत तोंड उघडं, लहानपणी झोपायची तसं. वाल्मिक म्हणाला, "उठवू का तिला? आकडा उतरतोय." हे पण नाकात नळी घेऊन माझ्याकडे बघत होते.

मी हिशोब केला. रात्रीला बासष्ट, तळाला दहा, संध्याकाळी सहाला ७५ तरी हवेत. चारपर्यंत ६५ नाही झाले तर टेम्पो गावात न्यायचा, ग्रामपंचायतीजवळच्या पिठाच्या गिरणीवाल्याला मी कालच विचारून ठेवलंय, वायर लावू देईल. सिलेंडर दीड शिल्लक. दीड म्हणजे सात तास. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मीच ठरवलं.

वाल्मिकला म्हटलं, "झोपू दे तिला. मी बघते आहे."

अडीचला ५९. तीनला ६१. ढगाला एक फट पडली आहे, ऊन विहिरीपर्यंत आलंय, इथपर्यंत अजून नाही.

तीन वाजून दहा. ६१ च आहे. मी डबीसमोरून उठलेले नाही.